शोधपेटीतले कुतूहल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात आम्ही वाचकांना एका विषयावर प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते : एखादा देश इंटरनेटवर काय शोधतो, यावरून तिथल्या माणसांचे रोजचे कुतूहल कळते का? आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. एकसारख्या शंकांची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : दर डिसेंबरात ‘या वर्षी देशाने सर्वाधिक काय शोधले’ अशा याद्या प्रसिद्ध होतात. त्यांत सामने, चित्रपट, निवडणुका आणि नामवंतांची निधने याखेरीज फारसे काही नसते. माणसांच्या कुतूहलाची धाव खरोखर एवढीच आहे का?

नाही. हा गैरसमज या याद्यांच्या मथळ्यांमुळे होतो, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करावी लागेल. गूगल २००१ सालापासून वर्षअखेरीस अशी यादी काढत आले आहे. पूर्वी तिचे नाव ‘झाइटगाइस्ट’ होते, आता ती ‘इयर इन सर्च’ म्हणून ओळखली जाते. तिच्यातील मुख्य यादी सर्वांत जास्त वेळा शोधलेल्या शब्दांची नसते, तर मागील वर्षाच्या मानाने ज्यांच्या शोधांत सर्वांत मोठी वाढ झाली, अशा शब्दांची असते. बातमीच्या मथळ्यापर्यंत येताना ‘वाढ’ हा शब्द गळून पडतो आणि त्याच्या जागी ‘सर्वाधिक’ येऊन बसतो. निवडणूक, विश्वचषक किंवा एखाद्याचे निधन या घटना काल नव्हत्या आणि आज आहेत, म्हणून त्यांची वाढ डोंगराएवढी दिसते. उलट ज्या गोष्टींबद्दल लोक तिन्ही त्रिकाळ विचारत असतात, त्या गोष्टींना या यादीत शिरायला वावच नसतो, कारण त्यांचे विचारले जाणे मागच्या वर्षीही तेवढेच होते.

वाढ बाजूला ठेवून निव्वळ संख्येची यादी केली, तरी आपली निराशाच होईल. त्या यादीत वर्षानुवर्षे मोठ्या संकेतस्थळांची नावे, हवामान, भाषांतर असे तेच ते शब्द वर राहतात. पत्ता लिहिण्याऐवजी संकेतस्थळाचे नाव शोधपेटीत टाकण्याची सवय जगभर आहे. २०२१ साली युरोपीय संघाच्या लक्झेंबर्ग येथील न्यायालयात गूगलच्या वकिलांनी असे सांगितले होते की, बिंग या प्रतिस्पर्धी शोधयंत्रावर सर्वांत जास्त शोधला जाणारा शब्द ‘गूगल’ हाच आहे. तिथे कोणाला गूगलविषयी जाणून घ्यायचे नव्हते. तिथून पुढे जायचे होते. आंद्रेई ब्रोडर या संगणकशास्त्रज्ञाने २००२ साली शोधांचे तीन प्रकार सांगितले, ते आजही उपयोगी पडतात : कुठेतरी पोहोचण्यासाठी केलेला शोध, काहीतरी काम उरकण्यासाठी केलेला शोध आणि काही जाणून घेण्यासाठी केलेला शोध. काटेकोर अर्थाने कुतूहल म्हणता येईल असा यातला शेवटचा प्रकारच आहे.

मग रोजचे कुतूहल कुठे सापडते? माझ्या मते ते या दोन्ही याद्यांच्या मधल्या फटीत असते. ते एकदम उसळत नाही, म्हणून वाढीच्या यादीत येत नाही. आणि ते लाखो वेगवेगळ्या लहान प्रश्नांत वाटले गेलेले असते, म्हणून संख्येच्या यादीतही येत नाही. रोज येणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध पूर्वी कधीच पाहिलेले नसतात, असे गूगलने वेळोवेळी सांगितले आहे. इतकी वर्षे इतक्या माणसांनी विचारून झाल्यावरही दर सातातला एक प्रश्न अगदी नवा असतो, ही गोष्ट मला कोणत्याही वर्षअखेरच्या यादीपेक्षा अधिक बोलकी वाटते.

प्रश्न : गूगल ट्रेंड्सच्या आलेखावर एका दिवशी १०० हा आकडा दिसला. म्हणजे नेमक्या किती लोकांनी तो शब्द शोधला?

तो आकडा माणसांचा नाही. गूगल ट्रेंड्स ही सोय मे २००६ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि तिच्यात २००४ च्या आरंभापासूनची माहिती पाहता येते, पण शोधांची प्रत्यक्ष संख्या ती कधीच सांगत नाही. ती वाटा सांगते. त्या ठिकाणी त्या वेळी जेवढे एकूण शोध झाले, त्यांतला किती हिस्सा या शब्दाचा होता, हे मोजले जाते. मग निवडलेल्या काळातील सर्वांत मोठ्या हिश्श्याला १०० म्हणायचे आणि बाकीचे सगळे त्याच्या प्रमाणात मांडायचे, अशी ही रीत आहे.

हिशेब करून पाहिल्यास हे लगेच ध्यानात येते. समजा, एका लहान प्रांतात दिवसभरात १०,००० शोध झाले आणि त्यांपैकी १०० शोध ‘ग्रहण’ या शब्दाचे होते. दुसऱ्या मोठ्या प्रांतात १०,००,००० शोध झाले आणि त्यांपैकी २,००० ‘ग्रहण’ या शब्दाचे होते. पहिल्या ठिकाणी हिस्सा एक टक्का, दुसऱ्या ठिकाणी पाव टक्क्याहूनही कमी. नकाशावर लहान प्रांत १०० आणि मोठा प्रांत २० असा रंगेल, जरी मोठ्या प्रांतात विचारणारे वीसपट असले तरी. ‘अमुक प्रांतातल्या लोकांना ग्रहणाचे सर्वाधिक वेड’ अशी बातमी वाचताना हा हिशेब मनाशी ठेवावा.

आणखी दोन गोष्टी अनेकांच्या लक्षात येत नाहीत. ही सगळी मोजणी संपूर्ण शोधांवर होत नाही, तर त्यांच्या नमुन्यावर होते. त्यामुळे तोच प्रश्न आज आणि उद्या विचारला तर आकडे थोडे इकडेतिकडे होऊ शकतात, आणि फारच थोड्या लोकांनी शोधलेला शब्द शून्यावर दाखवला जातो. तिथल्या शून्याचा अर्थ ‘कोणीच नाही’ असा नसून ‘दाखवण्याइतके नाहीत’ असा असतो. दुसरे म्हणजे, एकाच माणसाने थोड्या वेळात पुन्हा पुन्हा केलेला तोच शोध गाळला जातो. आकड्यांच्या शुद्धतेसाठी हे योग्यच आहे. मात्र रात्रभर जागून लेकराच्या तापाविषयी दर अर्ध्या तासाने तेच शब्द टंकणारी आई आणि सहज एकदा विचारून फोन बाजूला ठेवणारा माणूस हे दोघे त्या आलेखात जवळपास सारखेच उमटतात, आणि प्रश्नामागची तळमळ त्यात दिसत नाही.

प्रश्न : मी विज्ञान शिकवतो. ‘सायन्स’ या शब्दाचा जगभराचा आलेख पाहिला, तर तो २००४ पासून घसरत आलेला दिसला. हे पाहून मन खट्टू झाले. लोकांची ज्ञानाची ओढ आटली, असे समजायचे का?

असे समजू नका. वर सांगितलेला वाट्याचा हिशेब इथेही लावून पाहा. २००४ साली इंटरनेट वापरणाऱ्यांत विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि कचेऱ्यांतली मंडळी प्रमाणाने फार जास्त होती, त्यामुळे एकूण शोधांत अभ्यासाच्या शब्दांचा वाटा मोठा होता. पुढे फोन प्रत्येकाच्या हाती आला आणि गाणी, सामने, भाव, नकाशे, औषधे, नोकऱ्या असे सगळ्या तऱ्हेचे शोध त्याच पेटीत येऊन पडू लागले. भागाकारातला छेद वाढला की अंश वाढत असूनही उत्तर लहान होते. विज्ञानाविषयी विचारणारी माणसे कमी झाली, असे त्या उतारावरून सिद्ध होत नाही. शिवाय माणसे आता मोठ्या शब्दाऐवजी नेमका प्रश्न विचारू लागली आहेत. पूर्वी जो ‘सायन्स’ असे लिहून थांबत असे, तो आता ‘पाण्यावर बर्फ का तरंगतो’ असे अख्खे वाक्य लिहितो, आणि ते वाक्य त्या एका शब्दाच्या आलेखात मोजले जात नाही.

संख्याच हवी असेल, तर विकिपीडियाकडे वळावे. तिथल्या प्रत्येक लेखाला कोणत्या दिवशी किती भेटी झाल्या, हे आकडे कोणालाही पाहता येतात. वर्गात ‘वाटा’ आणि ‘संख्या’ यांतला भेद शिकवायचा असेल, तर एकाच विषयाचे हे दोन आलेख शेजारी शेजारी ठेवण्यासारखे दुसरे साधन नाही.

प्रश्न : २०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने मत दिले, आणि दुसऱ्या दिवशी तिथले लोक ‘युरोपीय संघ म्हणजे काय’ असे गूगलवर विचारत होते, असे तेव्हा वाचले होते. मतदान आधी आणि चौकशी नंतर, हे लोकशाहीला शोभते का?

ही बातमी जगभर फिरली आणि अजूनही दाखला म्हणून दिली जाते, म्हणून तिच्याकडे नीट पाहू या. मतदान २३ जून २०१६ रोजी झाले. निकाल जाहीर झाल्यावर गूगल ट्रेंड्सच्या ट्विटरवरील खात्यावरून असे सांगण्यात आले की, युरोपीय संघाविषयी ब्रिटनमधून विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत ‘युरोपीय संघ म्हणजे काय’ हा दुसऱ्या क्रमांकावर आहे. एवढेच मूळ विधान होते. किती जणांनी विचारले, याचा त्यात उल्लेख नव्हता, आणि एकूण प्रश्नांत या प्रश्नाचा वाटा किती, हेही त्यात नव्हते. एका विषयापुरत्या यादीतला दुसरा क्रमांक काही हजार लोकांनीही मिळू शकतो, आणि कोट्यवधी मतदारांच्या देशात काही हजारांचा प्रश्न हा देशाचा प्रश्न ठरत नाही.

विचारणारे कोण होते, हेही त्या आकड्याला ठाऊक नाही. त्यांत मतदानाचे वय न झालेली मुले असतील, मत न दिलेले असतील, मत देऊन झाल्यावर आता पुढे काय होणार याचा धागा पहिल्यापासून जुळवू पाहणारे असतील. शोध घेणारा अज्ञानी असतो, असे आपण फार पटकन धरून चालतो. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशाने २०२२ चा शब्द म्हणून ‘गॅसलाइटिंग’ निवडला, कारण त्या वर्षी तो पाहणाऱ्यांची संख्या १,७४० टक्क्यांनी वाढली होती. या शब्दाचा अर्थ, थोडक्यात, एखाद्याला पद्धतशीरपणे भुलवून त्याच्या स्वतःच्याच समजुतीवर शंका घ्यायला लावणे. पुढच्या वर्षी त्यांनी ‘ऑथेंटिक’ हा शब्द निवडला. अस्सल, खरे, या अर्थाचा हा शब्द इंग्रजी वाचणाऱ्याला मुळीच अवघड नाही. अर्थ ठाऊक असूनही त्याची कड तपासून पाहावी, असे त्या वर्षी पुष्कळांना वाटले असणार. युरोपीय संघाविषयी विचारणाऱ्यांतही असे लोक असतील, हे मानायला काय हरकत आहे?

प्रश्न : लोक काय शोधतात यावरून साथीचा रोग आधी ओळखता येतो, असे ऐकले होते. मग तो प्रयोग थांबला का?

हा प्रयोग या विषयातले सर्वांत शिकवणारे प्रकरण आहे, त्यामुळे थोडे सविस्तर सांगतो.

२००८ च्या नोव्हेंबरात गूगलने ‘फ्लू ट्रेंड्स’ ही सेवा सुरू केली. कल्पना साधी आणि सुंदर होती : ताप-खोकला झालेला माणूस डॉक्टरकडे जाण्याआधी शोधपेटीत काहीतरी लिहितो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राला दवाखान्यांकडून माहिती गोळा करून अहवाल काढायला एक-दोन आठवडे लागत. शोध मात्र त्याच दिवशी हाती येत. संशोधकांनी सुमारे पाच कोटी नेहमीच्या शोधांची जुन्या वर्षांतल्या फ्लूच्या आकड्यांशी तुलना करून, त्यांतले सर्वांत चांगले जुळणारे ४५ शोध निवडले आणि त्यांच्या आधारे अंदाज बांधला. २००९ च्या आरंभी ‘नेचर’ या नियतकालिकात हे संशोधन छापून आले तेव्हा सर्वत्र त्याचे स्वागत झाले. पुढे ही सेवा पंचवीसहून अधिक देशांपर्यंत पोहोचली.

पहिली ठेच लवकरच लागली. २००९ च्या वसंतात स्वाइन फ्लूची जी साथ आली, ती नेहमीच्या ऋतूबाहेरची होती आणि प्रतिमानाला ती नीट पकडता आली नाही. त्यात सुधारणा झाल्या. मग २०१२-१३ च्या हिवाळ्यात उलट झाले : साथीच्या शिखरावर फ्लू ट्रेंड्सचा अंदाज प्रत्यक्ष आकड्यांच्या दुपटीच्या आसपास गेला. डेव्हिड लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले की, ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे हा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त होता. २०१५ साली ही सेवा लोकांसाठी बंद करण्यात आली.

यामागची कारणे आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहेत. पाच कोटी शब्दांतून जुळणारे शब्द निवडायचे म्हटले, की निव्वळ ऋतू जुळतो म्हणून काही शब्द आत शिरू पाहतात. अमेरिकेत शालेय बास्केटबॉलचे सामने हिवाळ्यात होतात आणि फ्लूही हिवाळ्यातच येतो. त्यामुळे ‘हायस्कूल बास्केटबॉल’ हा शोध फ्लूच्या आकड्यांशी छान जुळत असे, जरी चेंडूचा आणि तापाचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. दुसरे कारण अधिक खोल आहे. शोधणारी माणसे आजारी होती म्हणूनच शोधत होती, असे नाही; साथीच्या बातम्या ऐकून घाबरलेली माणसेही तेच शब्द लिहीत होती. भीतीचा शोध आणि तापाचा शोध शोधपेटीत सारखाच दिसतो. आणि तिसरे : शोधयंत्र स्वतःही स्थिर नव्हते. पेटीत दोन अक्षरे टंकली की खाली पुढच्या शब्दांच्या सूचना येतात, एखाद्या लक्षणाबद्दल विचारले की आजारांची नावे सुचवली जातात, आणि माणूस त्यातलीच एक सूचना बोटाने निवडतो. तो शोध मग माणसाचा म्हणायचा की यंत्राचा? थर्मामीटरच जर अंग तापवू लागला, तर ताप मोजायचा कसा, अशी ती अडचण होती.

म्हणून हा सगळा प्रयत्न वाया गेला, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच ‘सायन्स’मधल्या लेखकांनी हेही दाखवले होते की, शोधांची माहिती आणि दवाखान्यांचे थोडे जुने आकडे एकत्र वापरले, तर दोन्हींपैकी कोणत्याही एकापेक्षा चांगला अंदाज मिळतो. २०२० च्या वसंतात कोविड पसरत असताना अनेक देशांत वास न येण्याविषयीचे शोध वाढलेले दिसले, आणि त्याच सुमारास ते लक्षण वैद्यकीय जगातही गांभीर्याने घेतले जाऊ लागले. दवाखान्याच्या नोंदीशेजारी ठेवला, तर शोध फार मोलाचा साक्षीदार असतो. एकट्याने उभा केला, तर तो ऐकीव गोष्टही डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतो.

प्रश्न : जे आपण डॉक्टरला, जोडीदाराला किंवा मित्राला विचारत नाही, ते शोधपेटीत विचारतो. तिथे माणूस खरे बोलतो, असे म्हणता येईल का? आणि ते कोणी वाचत असेल तर?

खरे बोलतो, पण अर्धे बोलतो. सर्वेक्षण करणाऱ्यासमोर माणूस आपली चांगली बाजू दाखवतो. शोधपेटीसमोर ती दाखवून काही मिळत नसते. मात्र आपण हे का विचारत आहोत आणि कोणासाठी विचारत आहोत, हे तो तिथे लिहीत नाही, कारण ते त्याला स्वतःला ठाऊकच असते.

याचा एक दाखला फार चटका लावणारा आहे. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी साडेसहा लाखांहून अधिक वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले सुमारे दोन कोटी शोध इंटरनेटवर ठेवले. नावे काढून प्रत्येकाला क्रमांक दिलेला होता, त्यामुळे ओळख पटणार नाही, असा समज होता. काही दिवसांतच कंपनीने माहिती मागे घेतली, पण तोवर तिच्या प्रती सर्वदूर गेल्या होत्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पत्रकारांनी एका क्रमांकाचे शोध ओळीने वाचले आणि केवळ त्यांच्या आधारे एका वयस्क बाईंच्या घरापर्यंत ते पोहोचले. एकेक शोध सुटा पाहिला तर कोणाचाही असू शकतो. एका माणसाचे तीन महिन्यांचे शोध एकाखाली एक ठेवले, की ते माणसाचे चित्र होते.

पण मला त्या प्रकरणातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. त्या बाईंच्या शोधांत निरनिराळ्या आजारांची नावे होती. कोणी नुसती यादी वाचली असती, तर त्या बिचाऱ्या किती व्याधींनी ग्रासल्या आहेत, असेच वाटले असते. प्रत्यक्षात त्यांतले बरेच शोध त्यांनी मैत्रिणींसाठी, त्यांची काळजी कमी व्हावी म्हणून केले होते. रोजच्या कुतूहलाचा केवढा तरी भाग असा दुसऱ्यासाठी असतो. मुलाच्या गृहपाठासाठी बाप शोधतो, आजीच्या गोळ्यांसाठी नातू शोधतो, शेजाऱ्याच्या अर्जासाठी एखादी तरुणी शोधते. आलेख त्यांना ‘विचारणारे’ म्हणून मोजतो. त्यांतले कितीतरी जण ‘सांगणारे’ असतात.

कोणी वाचत असेल का, याचे उत्तर : शोधयंत्राच्या कंपनीकडे नोंद राहते, हे धरूनच चालावे. खात्यातील शोध-इतिहास उघडून पाहता येतो आणि पुसताही येतो. तो पुसण्याआधी एकदा वाचावा, अशी माझी सूचना आहे. मी माझा एका आठवड्याचा इतिहास वाचला, तेव्हा एका शब्दाचे शुद्धलेखन मी तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलेले आढळले. तो शोध कुतूहलाचा नव्हता, विस्मरणाचा होता. आणि माझ्यासारखे किती असतील, हे मनात आल्यावर देशांच्या आलेखांकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

प्रश्न : ‘ट्रेंडिंग’ यादीत एखादा शब्द मुद्दाम चढवता येतो का?

येतो, निदान तसे प्रयत्न होतात. दक्षिण कोरियातील नेव्हर या शोधयंत्राच्या पहिल्या पानावर क्षणाक्षणाला चढणाऱ्या शोधांची यादी २००५ पासून दिसत असे आणि लोक तिच्यावरून देशाची नाडी पाहत. जाहिरातदार आणि राजकीय गट लोकांना ठरावीक शब्द एकाच वेळी शोधायला लावतात, अशा तक्रारी वाढत गेल्या आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ती यादी बंद करण्यात आली. यादी सर्वांना दिसू लागली, की ती केवळ आरसा राहत नाही. तिच्यात चढलेला शब्द पाहून आणखी लोक तोच शोधतात.

प्रश्न : मग सामान्य वाचकाने हे आलेख पाहावेत तरी कसे? रोजचे कुतूहल दिसेल असे काही सांगा.

तीन गोष्टी सुचवतो. पहिली : एखाद्या घटनेच्या दिवशी नुसते शिखर पाहू नका, त्या दिवसाचे तास पाहा. २१ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत खग्रास सूर्यग्रहण दिसले. त्याच्या आधीच्या दिवसांत लोक वेळ, जागा आणि ग्रहण पाहण्याच्या चष्म्यांबद्दल विचारत होते. ग्रहणाची सावली पुढे सरकली आणि काही वेळातच ‘डोळे दुखत आहेत’ या अर्थाच्या शोधांनी उसळी घेतली. ८ एप्रिल २०२४ च्या ग्रहणानंतरही तसेच घडले. आधीचा प्रश्न ‘कसे पाहू’ आणि नंतरचा प्रश्न ‘पाहिले, आता काय होईल’, या दोन्हींच्या मध्ये एक अख्खा देश मान वर करून उभा आहे, हे मला त्या दोन रेषांत अगदी स्पष्ट दिसते.

दुसरी : ‘कसे करावे’ या प्रश्नांकडे लक्ष द्या. २०१७ मध्ये गूगलच्या साह्याने अशा प्रश्नांचे एक चित्ररूप दर्शन तयार झाले होते. मोडलेल्या वस्तू दुरुस्त करण्याविषयी कुठे काय विचारले जाते, हे त्यात पाहता येत होते. उष्ण प्रदेशांत फ्रिज, उत्तर अमेरिकेत शौचालय, पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशांतल्या काही देशांत कपडे धुण्याचे यंत्र, तर उत्तर आणि मध्य युरोपात विजेचा दिवा, असे ते चित्र होते. पंतप्रधान कोण, यापेक्षा घरात काय बिघडले आहे आणि ते स्वतःच्या हाताने नीट करण्याची उमेद किती आहे, हे समजले तर एखाद्या देशातल्या रोजच्या दिवसाची अधिक जवळून ओळख होते.

तिसरी : शब्द निवडताना लिपी आणि भाषा तपासा. जो शब्द लोक देवनागरीतही लिहितात आणि रोमन अक्षरांतही लिहितात, त्याचे हे दोन आलेख वेगवेगळे असतात, आणि एकाच लिपीतल्या दोन भाषांत तोच शब्द असेल, तर दोन्हींचे शोध एकात मिसळतात. गूगल ट्रेंड्समध्ये ‘शब्द’ न निवडता ‘विषय’ निवडला, तर निरनिराळ्या भाषांतली रूपे पुष्कळ प्रमाणात एकत्र मोजली जातात. तरीही बोलून विचारणारे, व्हिडिओच्या संकेतस्थळावरच शोधणारे, आणि आता संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारणारे या मोजणीत पूर्णपणे येत नाहीत. आणि जे शेजारच्या जाणत्या माणसालाच विचारतात, ते तर मुळीच येत नाहीत.

प्रश्न : आपण स्वतः कोणता आलेख पुन्हा पुन्हा पाहता?

प्रकाशसंश्लेषणाचा. अमेरिकेसाठी हा इंग्रजी शब्द टाकून पाच वर्षांचा आलेख काढला, तर शाळेचे वेळापत्रकच समोर उभे राहते. शाळा सुरू झाल्या की रेषा चढते, वर्षअखेरच्या सुट्टीत ती खोल खाली जाते, जानेवारीत पुन्हा वर येते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडेच्या आठवडे जमिनीलगत सरपटते. इतका नियमित आलेख पाहून कोणी म्हणेल की, हे कुतूहल नसून गृहपाठ आहे, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. पण ऐन सुट्टीच्या आठवड्यांतही ती रेषा शून्याला टेकत नाही. त्या दिवसांत कोणाच्या पुढे उन्हाळी वर्गाचा अभ्यास असेल, कोणी शिक्षक पुढच्या वर्षाची तयारी करत असेल. आणि कोणी असाही असेल, ज्याला गृहपाठ नाही, परीक्षा नाही, पण खिडकीत ठेवलेले रोपटे उजेडाकडे का वळते, हे विचारता विचारता तो त्या शब्दापर्यंत येऊन पोहोचला आहे.